आकडे खरवडलेलं मशीन

आमच्या वाचनालयाच्या भिंतीला लागून एक वेल्डिंगचं दुकान होतं आणि त्या दुकानात रज्जाक मिस्त्री होते. नुसतं दुकान असतं, तर मी सहन केलं असतं.

दुकानाचा आवाज निदान जेवणाच्या सुट्टीत थांबायचा. मिस्त्रींना सुट्टी नव्हती. मशीन थांबलं की ते बोलू लागत आणि ते दमले की मशीन सुरू होई. मी ग्रंथपाल. खामगावच्या कापूस बाजाराकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर माझं वाचनालय म्हणजे चार कपाटं, दोन लांब टेबलं आणि वर्तमानपत्रात कापसाचा भाव पाहायला येणारी माणसं. त्यांच्यासमोर ‘शांतता राखा’ अशी पाटी लावून मी बसत असे. भिंतीपलीकडून ठिणग्यांचा निळा उजेड खिडकीच्या काचांवर उड्या मारायचा.

एकदा मी तक्रार घेऊन गेले. मिस्त्री आमच्याकडे आले, पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, ही पाटी तुमच्याकडं काऊन लावली? इकडचे लोक तं बिचारे चूपच बसले हायेत. माह्याकडं लावा न.”

मला ते पटलं, हीच माझी चूक झाली. त्यांनी तशीच दुसरी पाटी रंगवून घेतली, तिला पट्टीची चौकट केली, वरच्या पट्टीला दोन आकडे वेल्ड केले आणि दुकानात टांगली. पुढे कायम त्या आकड्यांवर त्यांचा शर्ट आणि जेवणाची पिशवी लटकलेली असे. पाटीवरचा ‘शांतता’ हा शब्द शर्टाखाली झाकलेला असायचा.

असा माणूस गेल्यावर आठवायला बसलं, तर आधी वैतागच आठवतो. मी मनाला पुष्कळ सांगून पाहिलं, आता तरी काही चांगलं आठव. पण मिस्त्रींचं चांगलं आणि वैताग आणणारं असे दोन निराळे ढीग मला कधी करता आले नाहीत.

त्यांचा मोठा हट्ट होता तारेचा. पूर्वी ते कांडीनं वेल्डिंग करत. नंतर मिगचं मशीन आलं. त्यात कांडी नसते, बंदुकीसारख्या नळीतून बारीक तार आपोआप बाहेर येत राहते आणि वितळून जोडात बसते. ती किती वेगानं यावी हे मशीनवरचा एक नॉब ठरवतो. लोखंड जाड असेल तर तार जास्त सोडायची, पातळ असेल तर कमी. तार फार झाली तर ती नीट वितळत नाही, जोडावर नुसती चढून बसते. वरून जोड भरलेला दिसतो, पण आत धरलेलं काही नसतं. फार कमी झाली तर उलट जळत नळीकडेच जाते. एवढं मला समजलं, कारण ते मला रोज सांगितलं जाई. मी विचारलेलं नसताना.

मशीन बसवायला आलेल्या माणसानं त्याबरोबर एक तक्ता दिला. इतक्या जाडीला इतका आकडा. नॉबभोवतीही आकडे छापलेले होते. मिस्त्रींनी तक्ता हातात धरून पाहिला, घडी केली आणि दुपारी त्यावर भजी घेतली. मग पॉलिश पेपर काढून नॉबभोवतीचे आकडे घासू लागले. आलेला माणूस घाबरला.

“अहो मिस्त्री, काय करताय? वॉरंटी जाईल!”

“जाऊ दे न. तिची इच्छा.”

“मग सेट कसं कराल?”

“कान कायले हायेत? आकडे पाहून वायर सोडणारा म्हंजे घड्याळ पाहून तहान लागणारा.”

आकडे साफ गेले. तिथं एक चकचकीत गोल उरला आणि मिस्त्री तो येणाऱ्या प्रत्येकाला दाखवू लागले.

त्यांची पद्धत अशी. काम आलं की लोखंडाच्या कडेवर अंगठ्याचं नख फिरवायचं. मग भंगारातून तेवढ्याच जाडीचे दोन तुकडे शोधायचे. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी आधी त्या तुकड्यांवर जोड मारायचा, मान उजवीकडे कलती करून. नॉब जरा इकडे, जरा तिकडे. मशीनचा आवाज एकसारखा झाला, कोरा मांजरपाट एका दमात फाडत न्यावा तसा, की मान सरळ व्हायची. “आता फाटला,” म्हणायचे आणि खरं काम सुरू. समोरच्या जिनिंगच्या गिरण्या सुरू झाल्या की विजेचा दाब उतरायचा आणि मांजरपाट मध्येच अडकायचा. मग त्यांना पुन्हा नॉब फिरवावा लागे. जिनिंग सुरू झाल्याचं आम्हांला भोंग्यावरून कळायचं, मिस्त्रींना तारेवरून.

एकदा मी आमच्या कपाटातलं धातुकामाचं एक पुस्तक काढून मुद्दाम वाचलं. तक्ता त्यातही होता आणि तो मला चुकीचा वाटला नाही. खाली लिहिलं होतं की शेवटी आवाज ऐकून खात्री करावी. मी भला विचार करून मिस्त्रींना हे सांगितलं. ते दुखावले.

“पुस्तकात हाये?”

“हो. तुम्ही म्हणता तेच.”

“मंग त्यानं माह्याकडूनच आयकलं असंन. नाव तं टाकाचं होतं न माह्यं.”

दुकानात त्यांच्याबरोबर देविदास होता. वडनेर भोलजीचा, चाळिशी ओलांडलेला, शांत. रोज मोटारसायकलवर यायचा. कापणं, घासणं, पकडून ठेवणं, सगळं त्याच्याकडे. बंदूकही अधूनमधून त्याच्या हाती मिळे. नॉब मात्र नाही. “वायर मी सोडतो,” असं मिस्त्री म्हणत, घरातलं तिजोरीची किल्ली सांभाळणारं माणूस बोलतं तसं. देविदास वाद घालत नसे. जेवणाच्या सुट्टीत तो आमच्याकडे येऊन वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा. एवढ्या कोलाहलात राहूनही त्याला पान न फडफडवता उलटता यायचं. माझा तो आवडता वाचक होता.

बीटी कापूस आला तेव्हाची पहिली वर्षं दुकानाच्या भरभराटीची. झाडाला इतकी बोंडं धरली की लोक ट्रॉल्यांच्या बाजू अँगल लावून उंच करून घ्यायला रांगेनं उभे राहत. कापूस त्या अँगलच्याही वर जाई आणि त्यावर घरची माणसं बसून बाजारात येत. नंतर फवारणी वाढली, तसे फवाऱ्यांचे सांगाडे दुरुस्तीला येऊ लागले. त्यानंतर बोंडात गुलाबी अळी शिरली. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, लवकर उपटून शेत मोकळं करा, असं सगळीकडे सांगितलं जाऊ लागलं, आणि मिस्त्री पऱ्हाटी उपटायचे चिमटे बनवू लागले. कोणत्या वर्षी शेतावर काय गुदरलं, हे मला त्या भिंतीतून कळत गेलं. वर्तमानपत्रात ते उशिरा यायचं.

चिमट्याचा जबडा जाड पट्टीचा आणि दांडा पातळ पाईपचा. म्हणजे जाड आणि पातळ एकाच जोडात. मिस्त्रींच्या अंगात यायला एवढं पुरे होतं. एक शेतकरी सकाळी चिमटा करायला टाकून बाजारात गेला, दुपारी परत आला, तरी मिस्त्री भंगाराच्या तुकड्यांवर मान कलती करून उभे. तो माणूस पेटला.

“मिस्त्री, पऱ्हाटी उपटाची हाये मले! इमान नाही उडवाचं!”

“बस न बे. जेवण चालू हाये.”

“कोणाचं जेवण?”

“येचं.” मिस्त्रींनी जबडा आणि पाईप दाखवला. “हा पहिलवान अन् हे बाळंतीण. दोघाईले एकाच ताटात वाढाचं हाये. पहिलवानाच्या भुकेनं वाढलं तं बाळंतिणीचं पोट फाटंन. बाळंतिणीच्या भुकेनं वाढलं तं पहिलवान उपाशी. मंग शेतात तुह्या हातात निसता दांडा राहीन अन् जबडा पऱ्हाटीले लटकून.”

“पण मी सकाळपासून उपाशी हाये त्याचं काय?”

“तुले कोण म्हंते चिमट्यात बस म्हून?”

तो माणूस आमच्या वाचनालयात येऊन बसला आणि मला मिस्त्रींबद्दल अर्धा तास सांगत राहिला. पाटी त्याच्या डोक्यावरच होती. चिमटा शेवटी चांगला झाला. पण चांगलं काम करताना समोरच्याचा जीव इतका खायलाच हवा का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि अजून सुटलेला नाही.

मग आवाज बदलला.

आधी मला वाटलं दुसरं मशीन आणलं. मांजरपाट फाटणं बंद होऊन टक्, टक्, फट् असं काही येऊ लागलं, कोणी दारावर अंगठीनं मारावं तसं. मिस्त्रींचं बोलणंही वाढलं होतं. पूर्वी ते भिंतीतून ऐकू यायचं, आता भिंत नसल्यासारखं. जग हळू बोलायला लागलंय अशी त्यांची तक्रार होती. “आजकालचे गिऱ्हाईक तोंडातल्या तोंडात बोलतात,” असं ते रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत. त्यांच्या पत्नी शमीमभाभी एकदा डबा द्यायला आल्या तेव्हा माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, “बाई, टीव्हीचा आवाज पूर्ण गल्ली आयकते. मी म्हणलं कान दाखवा डॉक्टरले. तं म्हणतात, टीव्ही दाखव, त्याचाच आवाज बसला.”

मिस्त्रींना मांजरपाट फाटण्याचा तो बारीक आवाज ऐकू येईनासा झाला होता. म्हणून ते तार वाढवत जायचे, आवाज मोठा होईपर्यंत. मोठा व्हायचा, पण तो न वितळलेल्या तारेच्या ठोक्यांचा. त्यांना वाटे, झालं बराबर. आणि नॉबभोवती एक आकडा शिल्लक असता, तर निदान डोळ्यांनी तरी शंका घेतली असती. तिथं तो चकचकीत गोल होता.

देविदासला हे कळलं होतं. तो मला एका दुपारी हळूच म्हणाला, “बाई, जोड धरून नाही राह्यले. वरून पाहाले मस्त.”

“सांगितलंस का त्यांना?”

“दोनदा सांगतलं. म्हणतात, तुले आयकू येते का मले?”

मग त्यानं आपल्या परीनं एक मार्ग काढला. शुक्रवारी मिस्त्री नमाजला जात. तेवढ्या वेळात दुकानात थांबलेली कामं तो घासून काढायचा, नॉबवर खडूनं खूण करायचा, तार कमी करायचा, जोड पुन्हा मारायचा आणि नॉब खुणेवर परत आणून खडू पुसायचा. मिस्त्री आल्यावर सगळं जसंच्या तसं. पण जी कामं गिऱ्हाईक हातोहात घेऊन जाई, ती तशीच गेली. त्यांत ट्रॉल्या होत्या. कापूस कमी झाला, तरी ट्रॉलीवर माणसं बसायची थांबली नव्हती. लग्नाला, दवाखान्यात, मजुरीला, लोक तिच्यातच जात. देविदासला ते खात होतं. वर्तमानपत्र वाचताना त्याचं पान उलटेनासं झालं होतं.

एका शुक्रवारी मिस्त्री लवकर परतले. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. ऐकू न येण्याची सोयच नव्हती.

“माह्या नॉबले हात लावला तुनं?”

“मिस्त्री, वायर जास्त हाये. जोड बसत नाही.”

“माह्या? माह्या जोड बसत नाही? चल निघ बे दुकानातून!”

“निघतो. पयले एक जोड मारा, अन् घन घाला. टिकला तं उद्यापासून नाही येत.”

मी उठून दारात गेले. आजूबाजूची दोनचार माणसंही आली. मिस्त्रींनी जाड पट्टीचे तुकडे घेतले, नख फिरवलं, मान कलती केली, नॉब जुळवला. टक्, फट्, टक्. मान सरळ झाली. “फाटला,” म्हणाले. जोड दिसायला सुरेख होता. तुकडा शिकंज्यात आवळून त्यांनी स्वतःच घन उचलला. पहिल्याच घावात पट्टी सुटून खाली पडली. जोडाची अख्खी रेघ दुसऱ्या पट्टीवर तशीच बसलेली, पडलेल्या पट्टीची कड वितळलेली सुद्धा नाही.

मिस्त्रींनी पडलेली पट्टी उचलली.

“पट्टी गंजकी हाये.”

“घासली होती,” देविदास म्हणाला.

“मंग गॅस संपत आला असंन.”

“परवा बदलला.”

“तं मंग व्होल्टेज! जिनिंग चालू हाये न समोर, व्होल्टेज पडलं! एवढं समजत नाही तुले? दिवसभर जिनिंग धडधडून राह्यली!”

देविदासनं मान खाली घातली. मग त्यांच्या अगदी कानाशी जाऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “जिनिंग बंद हाये, मिस्त्री. येंदा कापूसच नाही. महिना झाला बंद हाये.”

मिस्त्रींनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही हसू म्हणून वाट पाहिल्यासारखं. मग ते चपला न घालता रस्त्यावर गेले आणि जिनिंगच्या फाटकासमोर उभे राहिले. फाटकाला साखळी होती. ते बराच वेळ त्या साखळीकडे पाहत राहिले. जी धडधड ते ऐकत होते, ती कुठली होती हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

इथून माणूस बदलला असं लिहिता आलं असतं, तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आले आणि देविदासला म्हणाले, “घन घे. मोटारसायकल काढ.” तार जास्त जात होती त्या काळात दुकानातून गेलेली सगळी कामं त्यांना शोधायची होती. कोणती ट्रॉली कोणत्या गावची, हे देविदासला आठवत होतं. दोघं गावोगाव फिरू लागले. मिस्त्री मागच्या सीटवर, मांडीवर घन. पोचले की सलाम करून सरळ ट्रॉलीपाशी जात आणि आपल्याच जोडावर घाव घालत.

लोकांचं डोकं फिरलं नसतं तरच नवल. एक जण दुकानापर्यंत भांडायला आला. “चांगली उभी होती माही ट्रॉली! याले कोणी बलावलं होतं? आला, सलाम केला अन् तोडून टाकली!”

“तुटली न?” मिस्त्री म्हणाले.

“तुम्ही तोडली!”

“मी एका घावात तोडली. तिच्यावर तुह्ये लेकरं बसतात का माह्ये?”

तुटलेलं सगळं दुकानात आणून ते फुकट जोडून देत आणि जोडून देताना मालकालाच झापत. काही जोड मात्र तुटत नसत, शुक्रवारी देविदासनं नीट केलेले. त्यांवर मिस्त्री पुन्हापुन्हा घाव घालायचे. हे मला देविदासनंच सांगितलं, पहिल्यांदा हसत.

“म्हणतात, हा काऊन नाही तुटून राह्यला बे? मी म्हणलं, मी मारला मिस्त्री. तं म्हणतात, तरीच. लोखंड पार जाळून ठेवलं तुनं.”

कानाला लावायचं यंत्र शमीमभाभींनी आग्रहानं आणवलं. ते लावून मिस्त्री दुकानात शिरले, देविदासनं ग्राइंडर सुरू केला आणि यंत्र तिथंच निघालं. पुढे ते शर्टाच्या खिशात फुटाण्यांबरोबर असायचं. मग वाटणी ठरली. मिस्त्री बंदूक धरणार, देविदास नॉबपाशी उभा राहणार. दिवसभर भांडणं. “वाढव बे!” “बराबर हाये मिस्त्री.” “कोणाले बराबर हाये, तुले का लोखंडाले?” एकाला ऐकू येत नाही म्हणून दोघंही ओरडत. वाचनालयातले दोन नेहमीचे वाचक त्या वर्षी यायचे बंद झाले, ते कायमचेच.

पुढे डोळेही थकले, तेव्हा बंदूकही देविदासच्या हाती गेली. कधी गेली ते मला कळलं नाही. आवाजावरून मात्र कळलं की पलीकडे मांजरपाट पुन्हा फाटू लागला आहे.

मिस्त्री हृदयाच्या झटक्यानं गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी वाचनालय उघडायला आले होते. दुकानात एका पातळ पत्र्याच्या पेटीचं काम चाललं होतं. देविदास वाकून जोड मारत होता आणि मिस्त्री त्याच्यामागे, काळी काच डोळ्यांपुढे धरून, एक तळहात टेबलावर सपाट टेकवून, जोडाची थरथर चाचपत उभे होते.

“जास्त हाये,” ते ओरडले. “कमी कर!”

मला तर आवाज अगदी नीट वाटत होता. देविदासनं बंदूक खाली ठेवली, मशीनपाशी गेला, नॉबवर बोटं ठेवली, क्षणभर तशीच ठेवली आणि परत येऊन पुढचा जोड मारू लागला. आवाजात काडीचा फरक नव्हता.

“आता बराबर,” मिस्त्री म्हणाले.

मी तिथं उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ते काच खाली घेऊन दारापर्यंत आले. मला वाटलं, आज काहीतरी हळू बोलतील. ते आपल्या नेहमीच्या आवाजात, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “त्यानं फिरवला नाही बाई. मी पाह्यलं. बदमाश हाये एक नंबरचा.”

“मग बराबर कशाला म्हणालात?”

“बराबरच होतं,” ते म्हणाले. “पण कोणीतरी सांगाले पाहिजे का नाही?”

आत देविदास वाकलेलाच होता. त्याचे खांदे हसण्यानं हलत होते आणि हात जागचा हलत नव्हता.